खाकी कापसाचा गणपती

माझ्या नवऱ्याला, म्हणजे जगनला, आयुष्यात एकच मोठा विचार सुचला, आणि तोही सेकंडहँड होता. मुंबईतलं कुठलंसं हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथला कपडे वाळवायचा ड्रायर त्याने उचलला आणि टेम्पोत घालून रोह्याला आणला. धाटावच्या एका कंपनीतल्या कामगारांचे युनिफॉर्म धुवायचं काम आमच्याकडे होतं. पावसाळ्यात आमच्याकडे अंगावरचा सदरा वाळत नाही, तिथे शंभर माणसांचे युनिफॉर्म काय वाळणार? त्यामुळे ड्रायर आला तेव्हा मी त्याला हळदकुंकू लावलं. नवऱ्याला लावावं असं त्याने आजवर काही केलेलं नव्हतं.

ड्रायरच्या मागे एक जाळी असते. आत कपडे गरगरतात, त्यांची लव सुटते आणि जाळीवर येऊन बसते. संध्याकाळी जाळी खरवडली की टोपलीभर मऊ कापूस निघायचा. युनिफॉर्म खाकी, म्हणून कापूसही खाकी. जगन टोपली उचलायचा आणि मागच्या दारातून भिरकावून द्यायचा. मागच्या दारापलीकडे आमच्या आळीचं समाजमंदिर होतं.

समाजमंदिराच्या पाटीवर 'सर्वांसाठी खुले' असं संगमरवरात कोरलेलं आहे. या सर्वांमध्ये फक्त कमळाकर आणि त्याचे रमीचे भिडू येतात, हे पाटी वाचून कळत नाही. कमळाकर तिथल्या समितीचा अध्यक्ष. समाजमंदिराची किल्ली तो करगोट्याला बांधून हिंडायचा, आणि कुलूप उघडायचं झालं की सगळ्या बायकांना तोंड फिरवून उभं राहावं लागायचं. घरी वालाची शेती होती, पण शेतात बायको सीताबाई राबायची. हा पंख्याखाली पानं लावत बसायचा.

एक दिवस वारा सुटला आणि आमचा कापूस समाजमंदिरात शिरला. ऐन डावात कमळाकरच्या मिशीत अडकला. तो शिंकला, हातातली पानं उताणी पडली आणि दोन जोकर सगळ्यांना दिसले. पाच मिनिटांत तो आमच्या दारात.

"जगन, कापूस मागं टाकशील तर लाँड्री बंद करून टाकीन."

जगन जाळी खरवडत राहिला. उत्तर दिलं ते माझ्या सासूने, बायजाने.

"बंद कर. मग उघड्यानंच जा कंपनीत कामाला."

"मी कंपनीत नाय जात."

"ते म्हायत हाय. तू कुठंच नाय जात."

कमळाकर पाय आपटत गेला, पण त्या दिवसापासून कापूस बाहेर टाकायचा नाही असं ठरलं. आणि टाकायची वस्तू घरात राहिली की माझ्या सासूच्या हातांना खाज सुटते. आधी तिने त्या कापसाची उशी केली. आठवडाभरात उशीत गोळे झाले आणि जगनची मान एका बाजूला गेली. मग तिने वाती वळल्या. त्या देवापुढे लावल्या तर तडतडल्या, आणि साबणाचा असा वास सुटला की देवघरात कोणी अंघोळ करतंय असं वाटावं. मी म्हटलं, आई, पुरे आता. सासूला पुरे हा शब्द कळत नाही.

सासूचं माहेर पेणजवळच्या जोह्याचं. जोह्यात घराघरात गणपतीचे कारखाने, आणि तिचा भाऊ हिरामण याचाही कारखाना. मे महिन्यात ती चार दिवस माहेरी गेली आणि परत आली ती एक जुना साचा डोक्यावर घेऊनच. हिरामणकडे कोणी गडी रद्दी पेपरच्या लगद्यापासून हलके गणपती करत होता. ते तिने पाहिलं होतं.

"पेपरचा लगदा व्हतो, मग कापसाचा का नाय व्हनार गो सरू?"

मला ते अशक्य वाटलं, आणि ते होऊ लागलं तेव्हा मला त्याहून राग आला, कारण काम माझ्या अंगावर पडलं. कापूस रात्रभर भिजवायचा, पाट्यावर वाटायचा. त्यात थोडी रद्दी, डिंकाचं पाणी आणि खडूची पावडर घालून कणकेसारखं मळायचं. मग साच्यात अंगठ्याने दाबायचं आणि वाळू द्यायचं. वाळल्यावर जो गणपती निघाला तो मी एका हाताने उचलला आणि दचकले. इतका हलका, की आत कोणी नाहीच.

आता सासूची गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती लहानपणापासून बापाच्या कारखान्यात साचे भरायची, पॉलिशपेपरने मूर्त्या घासायची, सोवळं नि दागिने रंगवायची. डोळे मात्र तिला कोणी आखू दिले नाहीत. डोळे आखायचे बापाने, बापानंतर हिरामणने. मूर्तीला डोळे मिळाले की देव, तोवर माती, असं जोह्यात मानतात, आणि मातीचा देव करायचं काम पुरुषांचं. बाकी सगळं बायकांचं. माझी सासू तेव्हापासून जे मिळेल त्यावर डोळे आखत आली आहे. सुपावर, चुलीमागच्या भिंतीवर, नीळ ठेवायच्या डब्यावर. आमच्या घरात दुधी भोपळा चिरायला घेतला की तो माझ्याकडे बघायचा. साठी उलटली तरी तिला हवं होतं ते एवढंच: एकदा खऱ्या गणपतीचे डोळे आखायचे. बोलायची मात्र नाही. बोलायची ती हिरामण किती वाकडे डोळे आखतो एवढंच.

तर घरात जागा पुरेना. ओले गणपती पलंगावर, ओले गणपती पाणी तापवायच्या बंबावर, आणि जगन अंगणात. सासू म्हणाली, समाजमंदिर कोणाचं? पाटीवर लिवलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी कमळाकरने कुलूप उघडलं आणि तोंड फिरवून उभ्या असलेल्या आळीतल्या आम्ही आठ बायका त्याच्याआधी आत शिरलो. घमेली, पाटे, वरवंटे मांडून बसलो. रमीचे भिडू दारात उभे राहिले, थोडा वेळ खोकले आणि निघून गेले. बायका ओल्या हातांनी बसल्या की पुरुषांना तिथे कसं वागावं कळत नाही. त्या दिवसापासून दार उघडंच राहिलं.

जगनला आयुष्यातला दुसरा विचार तेव्हा सुचला. ड्रायरची गरम हवा बाहेर टाकायची पत्र्याची नळी त्याने समाजमंदिराच्या खिडकीतून आत सोडली. भर आषाढात आमचे गणपती कंपनीच्या युनिफॉर्मच्या वाफेवर खडखडीत वाळायला लागले. मला नवऱ्याचा अभिमान वाटला. असं वर्षातून एखाद्या वेळी होतं.

गावात बातमी पसरली. बायकांना हलका गणपती फार पटला, कारण देव आणताना पुरुषांच्या डोक्यावर असतो आणि नंतर पुरुषांची कंबर बायकांच्या हातात असते. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक घराचा गणपतीचा स्वतःचा पाट असतो. आषाढात तो पाट सुपारी ठेवून कारखान्यात नेऊन द्यायचा, आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसून देव घरी येतो. दुसऱ्या पाटावरचा देव कोणी घरात घेत नाही. यंदा पदराखाली झाकलेले पाट पेणला जायचे ते समाजमंदिराकडे वळले. सासू प्रत्येकीकडून सुपारी घ्यायची आणि पाट भिंतीला लावून ठेवायची. कोणाचा कुठला ते तिला खालच्या खुणांवरून कळायचं.

गणपती फारच हलके निघाले ही एक पंचाईत झाली. पंखा लावला की दोन आडवे. म्हणून सासूने प्रत्येक गणपती त्याच्या त्याच्या पाटावर लगद्यानेच चिकटवून टाकला. पाण्यात विसर्जन केलं की सुटेल, तोवर हलणार नाही. मला ते हुशारीचं वाटलं होतं.

श्रावणात कमळाकरने सूड घेतला. तो इतके दिवस घरात सीताबाईसमोर बसून कंटाळला होता, आणि सीताबाई त्याच्याहून. आमच्या लाँड्रीत नेमकं काय काय धुतात याची त्याने चौकशी केली. युनिफॉर्म तर होतेच. पण कंपनीच्या गेस्टहाउसच्या चादरी होत्या, टॉवेल होते, आणि एकटे राहणारे कामगार युनिफॉर्मच्या पुडक्यात स्वतःच्या चड्ड्याही कोंबायचे. तो समाजमंदिराच्या दारात उभा राहून ओरडला,

"लोकांनू, बघा! ह्या बाया चड्ड्यांचा गणपती करतात!"

आळीतली पोरं याच क्षणासाठी जन्माला आली असावीत. संध्याकाळपर्यंत 'चड्डीचा गणपती' हे नाव रोहा एसटी स्टँडपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी आठातल्या तीन बायका आल्या नाहीत. सासूने हात धुतले, पदर खोचला आणि थेट कमळाकरच्या अंगणात गेली. मी मागे.

"कमळाकर, चड्डी साबनानं धुतली, वाफेनं वाळवली. तुझ्या शाडूच्या मातीवर जन्मभर म्हशी मुतल्या. ती चालते?"

"माती ती माती. ती पवित्र असते, काकी."

"आनि म्हैस?"

"म्हैसपन पवित्र."

"मग मानसानंच काय घोडं मारलंय?"

उत्तर नसलेला माणूस कुलूप शोधतो. चतुर्थीला चार दिवस उरले असताना त्याने समाजमंदिराला भलंमोठं नवं कुलूप ठोकलं. आत सगळे गणपती होते. रंगवून, दागिने चितारून, पाटांवर चिकटवून तयार. फक्त डोळे बाकी होते.

डोळे आखायला हिरामण येणार होता. सासूच्या मनात नव्हतं, पण तिने स्वतःच त्याला बोलावलं होतं, आणि त्यापायी महिनाभर माझ्यावर चिडचिड करत होती. कुलूप लागलं त्याच दिवशी पेणच्या एसटीच्या कंडक्टरने निरोप आणला. हिरामण म्हणाला होता, चड्डीच्या देवाला मी डोळे आखणार नाही, माझ्या कारखान्याचं नाव जाईल. सासू निरोप ऐकून ओट्यावर बसली. नीळ ठेवायच्या डब्यावरचे दोन डोळे तिच्याकडे बघत होते. तिने डबा भिंतीकडे फिरवला. मला तिची फार दया आली, आणि मी तिला चहा दिला तर तिने त्यात साखर कमी आहे म्हणून मला झापलं. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

समाजमंदिराला कुलूप होतं, पण खिडकीतली नळी आमची होती. जगनने ड्रायर चालूच ठेवला. आत कोंडलेले देव तीन दिवस गरम हवा खात बसले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कमळाकर त्याचा नेहमीचा भारीतला शाडूचा गणपती आणायला पेणला गेला. डोक्याला टोपी, खांद्यावर नवं उपरणं. दुपारी परत आला तो रिकाम्या हाताने, आणि चेहरा असा की जणू कोणी त्याला मयतावर बोलावलं होतं. तसंच घडलंही होतं. कारखानदाराने त्याला बघताच विचारलं, "शेठ, कोन गेलं?" कमळाकरला काही कळेना. कारखानदार म्हणाला, यंदा तुमचा पाट आला नाही, म्हणून वाटलं घरात सुतक आहे, म्हणून तुमची मूर्ती दुसऱ्याला देऊन टाकली. म्हणजे पाट न गेल्यामुळे कमळाकरच्या घरातलं एक माणूस पेणमध्ये आषाढापासून मेलेलं होतं.

तो घरी आला आणि ओरडला, "पाट कुठं हाय?"

सीताबाई वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "समाजमंदिरात."

"कोनी नेला?"

"मी."

"चड्डीचा गणपती? माज्या आज्याच्या पाटावर?"

"गेल्या साली विसर्जनाला शाडूचा उचललात आनि कंबर धरून बसलात. खंडेनवमीपर्यंत मी विटेनं शेकत व्हते. यंदा मना नाय शेकायचं. जावा, कुलूप तुमचंच हाय."

सगळी आळी अंगणात जमली होती हे सांगायला नको. कमळाकरने सगळ्यांकडे बघितलं. आज्याचा फणसाचा पाट, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या देव आलेला, तो त्याने स्वतःच्या हाताने कोंडून ठेवला होता. त्या पाटाशिवाय उद्या घरात गणपती येणार नव्हता, आणि गणपती आला नाही तर रोह्यातही लोकांनी कोण गेलं म्हणून विचारलं असतं. तो वळला, समाजमंदिराकडे चालू लागला. मागे आम्ही सगळे. दारापाशी त्याने करगोट्याला हात घातला आणि आम्ही सवयीने तोंड फिरवलं.

दार उघडलं तशी गरम हवा अंगावर आली. ओळीने गणपती बसलेले, रंगवलेले, झळझळीत, आणि सगळे आंधळे. कमळाकरने खाली वाकून एकेका पाटाची खूण बघितली आणि शेवटी आपला पाट ओळखला. पाट हलवला तर देवही हलला.

"हा निघत कसा नाय?"

"चिकटवलाय," सासू म्हणाली.

"मना पाट हवाय. तेवढाच हवाय. बाजारातून दुसरा देव आनून ठेवीन."

सासू कोपऱ्यात गेली. साचे उघडायची पटाशी तिने आणली आणि त्याच्या हातात दिली.

"घे. मोड."

कमळाकरने पटाशीकडे बघितलं.

"डोले आखले नाय अजून," सासू म्हणाली. "तवर देव नाय तो. तूच बोललास ना, चड्ड्या हायत. मग मोड चड्ड्या. कोनी तुला अडवत नाय."

कोणी अडवलंही नाही. सीताबाई दाराला टेकून उभी होती. कमळाकर गुडघ्यावर बसला. पटाशी त्याने गणपतीच्या आसनाखाली लावली. मग काढली. दुसऱ्या बाजूने लावली. सोंडेखालच्या पोटावर त्याचा डावा हात टेकला होता, आणि तो हात त्याने असा ठेवला होता की मूर्तीला धक्का लागू नये. मला तो हात दिसला आणि माझा त्याच्यावरचा निम्मा राग तिथेच गेला. उरलेला निम्मा अजून आहे.

घामाने त्याचं उपरणं ओलं झालं. नळीतून गरम हवा येतच होती.

"नाय जमत," तो म्हणाला.

"का? चड्डीच तर हाय."

"काकी, आता गप ऱ्हा ना." पटाशी त्याने जमिनीवर ठेवली. "डोले आख याला. सगल्यांना आख. उद्या चतुर्थी हाय."

सासूचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं तिला एवढंच हवं होतं आणि आता ते समोर आल्यावर ती मागे सरली.

"हिरामण नाय आला," ती म्हणाली.

"तू आख," सीताबाई म्हणाली. "घरभर भोपल्यांना आखतेस ती."

"भोपल्याचं निरालं. भोपला चुकला तर खाता येतो."

मी पहिल्यांदाच तिला घाबरलेली बघत होते, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. माझ्या सासूने घाबरायचं, तर मग आम्ही कोणाच्या जिवावर भांडायचं? मी घरी पळत गेले, काळ्या-पांढऱ्या रंगांच्या वाट्या आणि तिचा बारीक कुंचला घेऊन आले आणि कुंचला तिच्या हातात कोंबला.

"आई, आखा. चुकलं तर मी खाईन."

तिने माझ्याकडे असं बघितलं की कधीतरी याचा हिशेब होणार हे मला समजलं. मग ती पदर खोचून कमळाकरच्या गणपतीसमोर बसली. कुंचला बुडवला, वाटीच्या काठावर निथळला. मूर्तीच्या चेहऱ्याशी नेला. हात थांबला. तिने डोळे मिटले, उघडले, आणि श्वास रोखून एका दमात उजव्या डोळ्याची वरची रेघ ओढली. मग खालची. मग आत बुबुळ. मग कुंचला पुसून, टोक पांढऱ्या रंगात बुडवून एक ठिपका.

आणि तो डोळा आमच्याकडे बघायला लागला. भोपळ्यासारखा नाही, डब्यासारखा नाही. थोडा हसरा, थोडा आगाऊ, जसा गणपती असायला हवा तसा. दारातल्या बायका पुढे सरकल्या. जगनने ड्रायर बंद केला असावा, कारण अचानक सगळं शांत झालं.

कमळाकर अजून गुडघ्यावरच होता. त्याने टोपी काढली, बाजूला ठेवली आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

सासूने त्याच्याकडे न बघता कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

"हात खाली कर रे," ती म्हणाली. "अजून एकच डोला झालाय."

कमळाकरने हात खाली केले, पण जोडलेलेच ठेवले.